साहेब कुठे आहेत?

मराठी घरात निरोप पोचवायची खात्रीची पद्धत एकच. ओरडणं. स्वयंपाकघरातून विचारायचं, ‘दूध ठेवलंय गॅसवर, बघता का?’ मागच्या खोलीतून उत्तर येतं, ‘काय?’ पुन्हा तेच वाक्य, एक पट्टी वर. पुन्हा ‘काय?’ मग विचारणारी व्यक्ती हातातलं काम टाकून तणतणत मागच्या खोलीपर्यंत येते, ‘कानात बोळे घातलेत का?’ हे समोरासमोर विचारते आणि तेवढ्यात दूध उतू जातं. आमच्या घरी हे लग्नापासून सुरळीत चालू होतं आणि दूध सोडलं तर कोणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार मी निर्माण केली. कंपनीने व्हीआरएस दिली, सकाळी करण्याजोगं काही उरलं नाही. मेकॅनिकल इंजिनिअर नोकरीत असेपर्यंत विजेच्या तारेला हात लावायला घाबरतो. निवृत्त झाला की तो कशालाच घाबरत नाही. आमचा फ्लॅट कोथरूडमधला, सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर, साडेसातशे चौरस फुटांचा. हॉलमध्ये कोणी शिंकलं तर मागच्या बेडरूममधल्या वाक्याला ‘सत्य आहे’ म्हणता येतं. या घरात कोण कुठल्या खोलीत आहे हे यंत्राला कळावं आणि निरोप त्याच खोलीत, हळू आवाजात बोलला जावा, अशी व्यवस्था करायचं मी जाहीर केलं.

‘एवढ्याशा घरात माणसं हरवतात का?’ बायकोने विचारलं.

मी तिला केंब्रिजची गोष्ट सांगितली. कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे परदेशातली एक गोष्ट तयार असते. उत्तर असतंच असं नाही.

गोष्ट अशी. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९२ या काळात एक बिल्ला तयार केला. ‘ॲक्टिव्ह बॅज’ त्याचं नाव. तो छातीवर लावून हिंडायचं. दर १५ सेकंदांनी तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश फेकायचा, खोलीतला सेन्सर तो टिपायचा, आणि कोण कुठल्या खोलीत आहे ते टेलिफोन सांभाळणाऱ्या बाईंच्या पडद्यावर उमटायचं. कोणासाठी फोन आला की बाई तो त्याच्या टेबलावर न जोडता, तो ज्या खोलीत असेल तिथल्या फोनवर जोडून द्यायच्या. रिकाम्या खुर्चीसमोर फोन वाजत राहणं बंद झालं.

हे वाचून मला गहिवरून आलं होतं, कारण त्याच सुमाराला हीच सोय आम्हाला सदाशिव पेठेतल्या वाड्यात होती आणि तिला पी. पी. नंबर म्हणत. फोन मालकांकडे, तळमजल्यावर. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या पत्रिकांवर, अर्जांवर, व्हिजिटिंग कार्डांवर तोच नंबर, पुढे कंसात ‘पी. पी.’. फोन आला की मालकीणबाई चौकात येऊन हाक द्यायच्या. कोण नळावर आहे, कोण गच्चीत पापड राखत बसलंय, कोण अजून कामावरून यायचंय, हे त्यांना न बघता माहीत असायचं. शिवाय केंब्रिजच्या बिल्ल्यात नसलेली एक गोष्ट त्यांच्याकडे होती. फोन कोणाचा आहे हे पाहून त्या माणसाचा ठावठिकाणा ठरवायच्या. माझ्या वडिलांना विमा एजंटाचा फोन आला की वडील गावाला गेलेले असत, ऑफिसातल्या साहेबाचा आला की देवळात, आणि मामांचा आला की चौकातच उभे असत. तिन्ही वेळी ते खरे तर वरच्या मजल्यावर पेपर वाचत बसलेले असायचे.

हा शेवटचा भाग मला त्या वेळी करमणुकीचा वाटला होता. त्यातली तांत्रिक बाजू पुढे लक्षात आली.

भाचा बंगळुरूला संगणकात आहे. दिवाळीला आला तेव्हा मी त्याला धरलं. त्याने टीव्हीखालच्या कप्प्यात एक छोटा संगणक ठेवला, त्यावर फुकट मिळणारी एक प्रणाली चढवली, प्रत्येक खोलीत एक स्पीकर आणि काड्यापेटीच्या आकाराचं एकेक यंत्र बसवलं. बोलणारा आवाज बाईचा होता, मराठी स्वच्छ. ‘ळ’ नीट उच्चारते म्हणून आईने तिला पहिल्याच दिवशी पास केलं. मला या प्रणालीने ‘साहेब’ म्हणावं अशी सोय मी करून घेतली. नोकरीत मला तसं कोणी म्हणत नसे.

प्रश्न उरला हाक मारायच्या शब्दाचा. अशा यंत्रांना जागं करायला एक ठरावीक शब्द लागतो. तो ऐकू येईपर्यंत ती कान टवकारून पण गप्प बसतात. भाचा म्हणाला, ‘मामा, शब्द चांगला लांब घ्या, रोजच्या बोलण्यात न येणारा. छोटा घेतला की यंत्र उगाचच जागं होतं.’ मी म्हटलं, ‘अरे, शब्द असा हवा की घरातल्या माणसांना नव्याने शिकायला लागू नये. आपल्याकडे हाक मारायला एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.’ आणि मी ‘अहो’ ठरवला.

भाच्याने माझ्याकडे बघितलं, मामीकडे बघितलं, आणि कोणाशी न बोलता ‘अहो’ घातला. परतीची गाडी त्याच रात्रीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने स्वयंपाकघरातून नेहमीप्रमाणे ‘अहो’ म्हटलं आणि चारही खोल्यांतून एकदम उत्तर आलं, ‘बोला.’ तिच्या ‘अहो’ला इतक्या तत्परतेने प्रतिसाद मिळण्याची ही लग्नानंतरची पहिलीच वेळ. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘कणिक संपलीय.’ घराने ते यादीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून तिला माझी गरज वाटेनाशी झाली आणि मलाही बरं वाटलं, असं चार दिवस चाललं.

मग संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या. मराठी मालिकेत दर दोन वाक्यांनंतर एक ‘अहो’ येतो हे मी कधी मोजलं नव्हतं. नायिका डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘अहो, कुठे होतात तुम्ही इतके दिवस?’ आणि आमच्या हॉलने शांतपणे सांगितलं, ‘साहेब हॉलमध्ये आहेत.’ आईला हे फार आवडलं. पूर्वी मालिकेतले नवरे उत्तर न देता खिडकीबाहेर बघत राहायचे, आता निदान चौकशीला उत्तर मिळतं, असं तिचं म्हणणं पडलं. ती मुद्दाम आवाज मोठा करून बसायला लागली.

आता वर्तुळाबद्दल. मालक घरी आला की गेला हे कळावं म्हणून नकाशावर घराभोवती एक गोल आखतात, त्याला जिओफेन्स म्हणतात. फोन गोलाच्या आत आला की ‘आले’, बाहेर पडला की ‘गेले’. मी गोल आखला २० मीटर त्रिज्येचा. आपल्या जागेपुरता. शेजारच्या इमारतीवर आपला हक्क काय?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. मोकळ्या आकाशाखाली उभं राहिलं तर त्यांच्या जोरावर फोनला आपली जागा पाचेक मीटरपर्यंत बरोबर कळते. पण चौथ्या मजल्यावर, डोक्यावर आणखी तीन मजल्यांचे स्लॅब, उशाशी फोन, अशा अवस्थेत त्या दुबळ्या लहरी पोचत नाहीत. मग फोन आजूबाजूच्या वायफायवरून आणि मोबाइलच्या मनोऱ्यांवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज रात्रभर इकडेतिकडे भटकतो. मी गाढ झोपेत असताना घराने मध्यरात्री जाहीर केलं, ‘साहेब बाहेर गेले.’ थोड्या वेळाने, ‘साहेब आले.’ पुन्हा, ‘साहेब बाहेर गेले.’ मी मेल्यासारखा झोपतो, बायको कानात कापूस घालून झोपते, कारण मी घोरतो. जागी होती ती आई. सकाळी चहाच्या वेळी तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ‘अरे, काही त्रास आहे का तुला? एवढ्या वेळा उठून बाहेर कुठे जातोस?’

फोनच्या प्रणालीसाठी गुगलने जे तांत्रिक मार्गदर्शन प्रसिद्ध केलंय, त्यात स्वच्छ लिहिलंय की गोल १०० ते १५० मीटरपेक्षा लहान आखू नका, आणि ॲप पार्श्वभूमीत चालू असलं तर सूचना दोन-तीन मिनिटं उशिरा येऊ शकते. मी हे नंतर वाचलं. बसवल्यानंतर वाचणं ही माझी नोकरीपासूनची पद्धत आहे. मग गोल १५० मीटरचा केला. हिशेब करून पाहिला तर तो साडेसात लाख चौरस फुटांच्याही वर गेला. कोथरूडमध्ये एवढी जागा ‘घर’ म्हणून माझ्या नावावर झाली आणि मेन्टेनन्स मात्र जुन्याच दराने.

या विस्तारित घरात एक अमृततुल्य, वडापावची गाडी, दत्ताचं देऊळ, इस्त्रीवाला आणि डॉक्टरांनी मला ज्याची पायरी चढायला मनाई केली आहे ते मिठाईचं दुकान, एवढं सामावलं. मी संध्याकाळी फिरून येताना मिठाईच्या दुकानाशी पोचलो की घर सांगायचं, ‘साहेब घरी आले.’ बायको चहा टाकायची. मी अर्ध्या तासाने उगवायचो, चहा नको म्हणायचो, आणि मिशीला पाक असायचा. तिने पहिले काही दिवस फक्त बघून घेतलं. मग एक दिवस अमुक वाजता घर ‘आले’ म्हणालं आणि अमुक वाजता बेल वाजली, असा तक्ता रेफ्रिजरेटरवर लावला. त्या तक्त्यात प्रणालीची काहीच चूक दाखवलेली नव्हती.

बचावासाठी मी पुन्हा केंब्रिज काढलं. मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या प्रयोगशाळेने २००० च्या दशकात ‘व्हेअरअबाउट्स क्लॉक’ नावाचं एक घड्याळ काही कुटुंबांच्या घरी ठेवून पाहिलं होतं. वेळेऐवजी घरातली माणसं कुठे आहेत ते दाखवणारं. हॅरी पॉटर वाचलेल्यांना वीझलींच्या घरातलं घड्याळ आठवेल. या घड्याळात मोजकेच भाग होते, घर, ऑफिस, शाळा. त्यात नसलेला माणूस नुसता ‘बाहेर’. गल्ली, दुकान, रस्ता असलं काही नाही. तंत्र येत नव्हतं म्हणून नव्हे. संशोधकांनी ते मुद्दामच तसं ठेवलं होतं, आणि घरच्यांना तेवढ्याने पुरत होतं. मुलगा शाळेत पोचला, एवढंच आईला हवं असतं.

‘म्हणजे मोघम,’ बायको म्हणाली. ‘मग हा एवढा पसारा कशाला? मोघम तर तुम्ही पहिल्यापासून सांगत आलायत.’

घराबाहेरचं असं झालं. खोल्यांचा गोंधळ त्याहून बारीक होता. काड्यापेट्या ऐकायच्या ते प्रत्येकाच्या फोनचा ब्लूटूथ. ज्या खोलीत तो सर्वांत जोरात ऐकू येईल, ती त्या माणसाची खोली. कागदावर हे सोपं आहे. पण या लहरी भिंतीतून पलीकडे जातात, लोखंडी कपाटावर आपटून परततात आणि पाण्यात शोषल्या जातात. माणूस बराचसा पाणीच असतो, त्यातून माझा घेर मोठा. मी हॉलमध्ये काड्यापेटीकडे पाठ करून बसलो की खिशातल्या फोनची आणि तिची गाठ पडायची नाही, आणि पातळ भिंतीपलीकडच्या देवघराला मात्र तो ठणठणीत ऐकू जायचा. जुन्या बिल्ल्याचा इन्फ्रारेड भिंत ओलांडत नव्हता, म्हणून एका खोलीची बातमी त्याच खोलीत राहायची. नव्या तंत्राला भिंती अडवत नाहीत, हाच त्याचा घरातला अवगुण.

मायक्रोसॉफ्टच्याच अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी २००० मध्ये ‘रडार’ नावाच्या पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. इमारतीत जागोजागी उभं राहून तिथली रेडिओ लहरींची ताकद नोंदवायची आणि पुढे त्या नोंदींशी पडताळून माणसाची जागा ओळखायची. दोन-तीन मीटरपर्यंतची अचूकता मिळाली, म्हणजे साधारण एका ऑफिसच्या खोलीएवढी. अमेरिकेत ठीक आहे. आमच्याकडे तीन मीटरमध्ये हॉल संपतो, स्वयंपाकघर लागतं आणि देव येतात.

त्यामुळे मला दिलेले निरोप देवघरात सांगितले जाऊ लागले. आई डोळे मिटून जपाला बसलेली, समईची वात शांत, आणि कोनाड्यातून मंजुळ आवाज येतो, ‘साहेब, दाढीचं सामान बेसिनवर तसंच पडलंय. उचला.’ आईने जप थांबवला नाही. संपल्यावर तिने एवढंच विचारलं की हे रोज सांगायचं ठरलंय का, म्हणजे ती वेळ बदलून घेईल.

आईच्या स्वतःच्या निरोपांची तऱ्हा निराळी. तिचा फोन खराब होऊ नये म्हणून रुमालात गुंडाळून कपाटात, पातळांच्या घडीखाली असतो. प्रणालीच्या लेखी आजी सकाळपासून रात्रीपर्यंत कपाटापाशी उभ्या असायच्या. रक्तदाबाच्या गोळीची आठवण रोज नेमाने त्या कपाटाला केली जायची. गोळी ती घ्यायचीच, सवयीने. मध्येच मी हौसेने वायफायला आमच्या कुलदैवताचं नाव दिलं. हल्लीचे फोन खासगीपणासाठी प्रत्येक वायफायला आपला खरा पत्ता न सांगता एक बनावट पत्ता सांगतात. नेटवर्कचं नाव बदललं की पत्ताही नवा. वायफायच्या पत्त्यावरूनही माणसं ओळखणाऱ्या घराने त्या संध्याकाळी आम्हा तिघांना ओळखलं नाही आणि तीन अनोळखी पाहुणे आल्याचं बंगळुरूला कळवलं.

फोनवर विसंबायला नको म्हणून मग माणसाच्या हालचालीवर आलो. बाथरूममध्ये बसवला तो साधा इन्फ्रारेड सेन्सर. समोरून ऊब सरकली की त्याला माणूस दिसतो, ऊब स्थिर झाली की माणूस संपला. मी तिथे पेपर घेऊन जातो. अग्रलेखाच्या मध्यावर दिवा विझायचा. मग पेपर डोक्यावर धरून हलवायचा, दिवा लागला की पुन्हा ओळ शोधायची. अग्रलेखातला युक्तिवाद एरवीही सलग नसतो, म्हणून ते फार जाणवलं नाही. जाणवलं ते बाहेर रांगेत असलेल्यांना. त्यांना दाराच्या फटीतून दिवा लागताना-विझताना दिसत होता आणि आत नक्की काय चाललंय याबद्दल कामाच्या मावशींनी बायकोकडे चौकशी केली.

त्यावर उपाय रडारचा, खऱ्या अर्थाने. हा अंगठ्याएवढा सेन्सर मिलिमीटर लहरी सोडतो आणि स्वस्थ पडलेल्या माणसाची छाती श्वासाने जेवढी हलते तेवढंही टिपतो. एक मी आमच्या पलंगावर छताला लावला, एक गॅलरीत. परदेशातल्या बऱ्याच घरांमध्ये छताला पंखा नसतो, गॅलरीत दोरी नसते. आमच्याकडे पंखा सुरू केला की बेडरूममध्ये गर्दी झाल्याचं दिसायचं. पंख्याकडे दुर्लक्ष करायला त्याला शिकवता शिकवता माझ्या पाठीने दम तोडला. गॅलरीत तर आईचं नऊवारी वाऱ्यावर हललं की ‘गॅलरीत एक व्यक्ती आहे’. एका रात्री ऐकून मी काठी घेऊन गेलो होतो. पुढे सवय झाली. जेवायची वेळ झाली की घर त्या लुगड्यालाही ‘चला, पानं वाढलीत’ म्हणून बोलावून यायचं.

या सगळ्यात एक गोष्ट मी नजरेआड करत होतो. मराठी घरात माणूस घरी असून नसण्याची एक जुनी सोय आहे. फोन आला, दारात कोणी आलं, की घरातलं माणूस बिनदिक्कत सांगतं, ‘ते आंघोळीला गेलेत.’ विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं की संध्याकाळी साडेसातला कोणी आंघोळीला जात नाही. तो म्हणतो, ‘असू दे, असू दे, सहज आलो होतो.’ दोघांचाही मान राहतो. आमच्या मालकीणबाईंनी पी. पी. फोनवर हीच विद्या शिगेला नेली होती.

आमचे सेक्रेटरी सज्जन गृहस्थ आहेत, म्हणून त्यांना टाळणं कठीण. सोसायटीचे खजिनदार मुलाकडे अमेरिकेला निघाले होते, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची बिलं अंगावर आली होती, आणि सेक्रेटरींची नजर माझ्या व्हीआरएसवर होती. रविवारी संध्याकाळी बेल वाजली. पायांच्या आवाजावरून मी ओळखलं, मागच्या बेडरूममध्ये गेलो, पलंगावर आडवा झालो आणि चादर डोक्यावरून घेतली. पंखाही लावला नाही. आवाज नको म्हणून.

बायकोने दार उघडलं. आमचं काही ठरलेलं नव्हतं, ठरवावं लागत नाही. ‘ते जरा बाहेर गेलेत,’ ती म्हणाली. ‘उशीर होईल म्हणालेत.’

‘अहो वहिनी,’ सेक्रेटरी म्हणाले, ‘पण साहेब गेलेत कुठे? गाडी तर खाली आहे.’

‘बोला,’ हॉल म्हणाला. आणि मग, ‘साहेब मागच्या बेडरूममध्ये आहेत.’

पंखा बंद, खिडकी बंद, वाऱ्यावर हलणारं काही नाही, फोन माझ्या छातीवर, रडार बरोबर माझ्यावर. बसवल्यापासून सगळी यंत्रं पहिल्यांदाच एकमताने बोलत होती. ‘पलंगावर,’ घराने पुढे सांगितलं. ‘हालचाल नाही. श्वास चालू आहे.’

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सेक्रेटरी हलक्या आवाजात म्हणाले, ‘तब्येत बरी नाही का? तसं सांगायचं ना वहिनी.’

बायको गप्प. पण स्वयंपाकघरातून आई बोलली. ‘त्याला काय धाड भरलीय! आत्ता दोन थालीपीठं खाऊन आत गेलाय.’

‘श्वासाचा वेग वाढला आहे,’ घर म्हणालं.

चादर बाजूला करून मी बाहेर आलो तेव्हा सेक्रेटरी सोफ्यावर बसले होते आणि काड्यापेटीकडे भक्तिभावाने बघत होते. मी का लपलो होतो हे त्यांनी विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. खजिनदारपद घ्याल का हेही विचारलं नाही, ते त्यांनी गृहीत धरलं. त्यांना वेगळंच सुचलं होतं. ‘साहेब, माणूस कुठे आहे हे इतकं अचूक कळतं? मग आपल्या वॉचमनला बसवून टाकू हे. रात्री फेऱ्या मारतो म्हणतो, पण बघणार कोण?’

नव्या खजिनदाराने पहिला खर्च मंजूर केला तो हा. गेटवर, पंपाच्या खोलीपाशी, मागच्या पार्किंगमध्ये आणि जनरेटरजवळ एकेक काड्यापेटी. वॉचमनला फोन न देता एक छोटा बिल्ला द्यायचा, ब्लूटूथचा. रडार नको, असं मी आग्रहाने सांगितलं.

वॉचमनने बिल्ला हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. ‘हा जिथं जाईल तिथं मी गेलो असं लिहून येणार?’ मी हो म्हटलं. ‘आणि मी गेलो पण हा नाही गेला, तर?’ तर गेला नाहीस असं धरणार. ‘बरं,’ तो म्हणाला, आणि बिल्ला खिशात घातला. त्याने यापुढे एकही शंका विचारली नाही.

महिनाअखेरच्या सभेत सेक्रेटरींनी रात्रीच्या फेऱ्यांचा तक्ता वाचून दाखवला. पंप, पार्किंग, जनरेटर, पुन्हा पार्किंग, कंपाउंडच्या कडेकडेने पहाटेपर्यंत. ऐन थंडीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वॉचमनला बक्षीस द्यावं असा ठराव झाला आणि धनादेशावर माझी सही लागली. सभा पार्किंगमध्येच होती. शेवटच्या रांगेत, खुर्च्यांमागे, सोसायटीचा कुत्रा मोती मागच्या पायाने मान खाजवत बसला होता. त्याच्या गळ्यात नवा पट्टा होता आणि पट्ट्याला काहीतरी चपटं, पांढरं अडकवलेलं होतं.

परवा खर्चाची व्हाउचरं तपासायला बसलो तेव्हा ‘सुरक्षा’ या सदराखाली ग्लुकोज बिस्किटांच्या पुड्यांचं बिल निघालं. ‘सुरक्षेला बिस्किटं कशाला?’ सेक्रेटरींनी चष्म्यावरून विचारलं.

‘रात्रपाळी असते,’ मी म्हटलं. ‘भूक लागते.’ आणि सही करून व्हाउचर पुढे सरकवलं.